कुलपाचा पट्टा

मित्रांनो, मी लाल रंगाची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि हे सांगताना माझ्या अंगावर अजून भंडारा आहे. तारांखाली, बटणांच्या कडेला, जिथे फडके पोचत नाही तिथे तिथे पिवळी हळद बसली आहे. ती कशी बसली हे सांगायला मी किती उतावीळ झाले आहे, काय सांगू! पण गोष्ट मधूनच सुरू केली तर तुम्हाला काही कळायचे नाही, म्हणून थोडी मागे जाते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका गल्लीतल्या लहानशा कारखान्यात झाला. त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. एका कारागिराने जाड फळी कापून माझे अंग घडवले, दुसऱ्याने मान जोडली, तिसऱ्याने अंगात चुंबके आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी बसवली. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते, मी मात्र भरीव. त्यामुळे दिसते मी सडपातळ, पण उचलून पाहाल तर वजन महिन्याभराच्या करडाएवढे!

एवढे वजन हातात धरून वाजवता येत नाही. म्हणून मला पट्टा लागतो. माझ्या खांद्यावर एक आणि बुडाशी एक अशी दोन छोटी धातूची बटणे आहेत. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना भोके असतात. भोकात बटण सरकवले की झाले. सदऱ्याच्या काजात गुंडी अडकवतात ना, अगदी तसेच. आणि काज सैल झाले की गुंडी काय करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

कलकत्त्याहून मला दौंडला आणले ते सॅम्युएल साळवे यांनी. ते मालगाडीचे गार्ड होते. ड्यूटी संपवून आले की हातपाय धुवून आधी मला गळ्यात अडकवत, मग चहा घेत. नाताळात रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये मी वाजत असे. माणसे नाचत, लाकडी फरशी धडधडे, आणि माझा आवाज ऐकून फलाटावरचे हमालसुद्धा दारात येऊन उभे राहत. काय दिवस होते ते! इंजिनाची शिट्टी कुठल्या सुरात आहे हे साळवे मला वाजवून दाखवत, आणि मुले म्हणत, "अंकल, आता पॅसेंजर वाजवा!"

पुढे साळवे निवृत्त होऊन केडगावला राहायला आले. त्यांचे हात थरथरू लागले. मग मी कपाटावर गेले. कुणी मुद्दाम टाकले नाही मला, पण रोज काढले जात नाही ती वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. माझ्यावर एक जुना टॉवेल आला, टॉवेलावर पंख्याचे खोके आले. किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत.

मग एक दिवस मोनिका आली.

मोनिका तेव्हा बारा वर्षांची होती. जवळच्या वाडीतून रोज सकाळी साळव्यांकडे शेळीचे दूध घेऊन येई. टॉवेलाखालून माझी मान थोडी बाहेर डोकावत होती, ती तिला दिसली.

"काका, हे वरती काय हाय?"

"गिटार आहे."

"वाजती का?"

"वाजवली तर वाजते," साळवे म्हणाले. "तुझ्या दुधासारखं नाही बाई, आपोआप उतू जात नाही."

त्या दिवशी किटली रिकामी करून घ्यायलाही ती विसरली. साळव्यांनी थरथरत्या बोटांनी तिला तीन सूर दाखवले. दुसऱ्या दिवशी ती ते तिन्ही चुकीचे वाजवत आली, तिसऱ्या दिवशी बरोबर. पाच वर्षे ती शिकली. शेवटी साळव्यांनी मला तिच्या हवाली केले आणि सोबत आपला जुना कातडी पट्टाही दिला. तो पट्टा म्हणजे नुसती वाळलेली भाकरी, इतका ताठ! पण त्याचे काज घट्ट होते.

मित्रांनो, आता खरी गंमत सुरू होते.

मोनिकाचे आजोबा गेणबा. ते गजीचा, म्हणजे धनगरी नाचाचा, ढोल वाजवतात. वाडीतल्या बिरोबाच्या जत्रेत पंधरा-वीस ढोलकरी रिंगण धरतात, ढोल वाजवत वाजवत गिरक्या घेतात, रुमाल उडतात, झांजा झणझणतात, भंडाऱ्याने आभाळ पिवळे होते. गेणबा अंगणात सरावाला बसले की मोनिका मला मांडीवर घेऊन त्यांच्या थापेवर तारा छेडी. पहिल्या दिवशी गेणबांनी ढोल थांबवून तिच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी थांबवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोने, जरा जोरात. मला ऐकायला कमी येतं." त्यांना ऐकायला मुळीच कमी येत नाही!

ढोल मंडळाचे पुढारी हौसराव. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. एका संध्याकाळी ते रस्त्याने जाताना थांबले, कुंपणाशी उभे राहून सगळे ऐकले आणि म्हणाले, "गेणबा, ह्या पोरीला रिंगणात आण."

मंडळात गलका झाला. एक झांजवाला म्हणाला, "आप्पा, गजीत गिटार? उद्या म्हनशीला वॉशिंग मशीन आना."

"वाजत आसंल तर आन," हौसराव म्हणाले. "पर नियम समद्यांना योकच. रिंगणात वाद्य भुईला टेकलं, की वाजवणारा बाहेर."

हा त्यांच्या मंडळाचा जुना नियम. ढोल देवाचा, तो पायाखालच्या मातीला लागू द्यायचा नाही. म्हातारे झालेले ढोलकरीसुद्धा खाली ठेवायची वेळ आली तर आधी घोंगडी अंथरतात, मगच ढोल टेकवतात. मोनिकाने मान डोलावली. तिला रात्रंदिवस त्या रिंगणाशिवाय दुसरे काही सुचत नव्हते. आणि मला? मला वाटत होते, दौंडच्या त्या हॉलची फरशी पुन्हा माझ्यासाठी धडधडणार आहे!

माझ्या नाचण्याची सोय झाली. मोनिकाने अंगठ्याएवढे एक यंत्र आणले. ते माझ्या अंगाला लावले की वायरीशिवाय माझा आवाज देवळाच्या ओट्यावरच्या स्पीकरमधून येतो. आता मागे शेपटी नाही, काही नाही! गिरकी घ्या, उडी मारा, कुठेही जा!

फक्त तो ताठ पट्टा मोनिकाच्या खांद्याला काचत होता. सरावानंतर तिच्या खांद्यावर लाल वळ दिसू लागला. ती तो ओढणीखाली झाकी. पण गेणबांनी तो पाहिला.

ती कॉलेजला गेल्यावर त्यांनी माझा पट्टा सोडवला. ढोलाच्या वाद्या, म्हणजे तो आवळायच्या चामड्याच्या पट्ट्या, मऊ ठेवायला ते एरंडेल वापरतात. पन्नास वर्षे वापरत आले आहेत. त्यांनी तेच एरंडेल माझ्या पट्ट्याला चोळले, उन्हात ठेवला, पुन्हा चोळला, पुन्हा उन्हात ठेवला. तीन दिवस, आणि रोज ती परत यायच्या आत पुसून पुन्हा मला अडकवून! ते काम इतक्या मायेने चालले होते की मी भिंतीशी टेकून नुसती बघत राहिले. चौथ्या दिवशी पट्टा रेशमासारखा झाला. मोनिकाला वाटले, वापरून वापरून मऊ पडला. गेणबा गालातल्या गालात हसले.

पण चामड्याबरोबर टोकांची भोकेही मऊ झाली होती. ढोलाची वादी गाठ मारून बांधतात. ती मऊ झाली तर गाठ उलट घट्ट बसते. माझा पट्टा गाठीवर नव्हता, काजावर होता.

जत्रेला पंधरा दिवस असताना देवळामागच्या मैदानात सराव रंगला. मोनिकाने पहिली पूर्ण गिरकी घेतली आणि माझ्या खांद्याचे बटण भोकातून अलगद निसटले. मी पडले. मान आधी आपटली. स्पीकरमधून असा कर्कश आवाज आला की देवळावरची कबुतरे उडाली. ढोल एकेक करून थांबले.

माझी एक खुंटी वाकली होती आणि मानेच्या टोकाला टवका उडाला होता. पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हते. सगळे हौसरावांकडे पाहत होते.

"टेकली," ते म्हणाले. मग बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "सरावात टेकली म्हनून सोडतो. पर पोरी, जत्रंत टेकली तर माझ्या हातात काय न्हाई. मी तुला आनलं, मलाच तुला बाहेर काढावं लागंल. आन् मग परत गिटारीचं नाव कुनी काडू देनार न्हाई."

"न्हाई टेकनार, आप्पा," मोनिका म्हणाली.

घरी येऊन तिने सुतळीने पट्टा बांधून पाहिला. बटण गुळगुळीत, सुतळी सरके. मग तिने मोबाइलवरून एक नवा पट्टा मागवला. काळा, नायलॉनचा, आणि त्याच्यासोबत चार स्टीलचे तुकडे. दोन बटणे माझ्या अंगात बसवायची आणि दोन कुलपे पट्ट्याच्या टोकांना. कुलूप बटणात दाबले की टक्कन बसते, आणि वरची टोपी बोटाने ओढल्याशिवाय सुटत नाही. मी तर हरखून गेले! माझ्या चाळीस वर्षांत मला असा दागिना कुणी घातला नव्हता.

पण हा दागिना आला जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी. मोनिकाने लगेच स्क्रूड्रायव्हर घेतला. खांद्याचे जुने बटण निघाले, नवे छान बसले. बुडाशी मात्र घोळ झाला. तिथले भोक इतक्या वर्षांत रुंद झाले होते. नवा स्क्रू आत जाई आणि गरगर फिरत राही. पकडच नाही!

"खिळा ठोक," गेणबा म्हणाले.

"आबा!" मोनिका ओरडली आणि तिने दत्तामामाला फोन लावला.

दत्ता हा मोनिकाचा मामा. रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर आहे आणि कारेगावात खोली घेऊन राहतो. पहिली पाळी सुटल्याबरोबर तो कंपनीच्या कपड्यांतच न्हावऱ्याच्या रस्त्याने मोटरसायकल हाणत आला. डिकीतून हातड्रिल, पक्कड आणि फेविकॉलची डबी काढली. मला घोंगडीवर आडवे केले. त्याने बुडाचे भोक पाहिले, मग जुना पट्टा उचलला, भोके अंगठ्याने ताणून पाहिली आणि नाकाशी नेला.

"मोने, ह्याला एरंडेल कुनी पाजलं?"

"एरंडेल? न्हाई बा."

गेणबा ओसरीवर बसले होते. त्यांनी पानाचा डबा उघडला. बंद केला. पुन्हा उघडला.

"मी पाजलं," ते म्हणाले.

दत्तामामाने पट्टा खाली ठेवला.

"ढोलाच्या वादीला पाजतो तसं. तुझ्या खांद्याला वळ उठला व्हता. म्हनलं, मऊ हुईल." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हंजी ती माझ्यामुळं पडली व्हय?"

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी सांगितले असते की आबा, माझ्या अंगाला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता हो. मोनिका उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, "आबा, आता ह्या नव्या पट्ट्याला हात लावायचा न्हाई. आधीच सांगते."

"लावू दे की," दत्तामामा म्हणाला. "नायलॉनचा हाय. आख्खी बाटली पाजली तरी नुसता ढेकर देईल."

गेणबा हसले. हसता हसता डोळे पुसू लागले. आणि मग एकदम ताठ बसून म्हणाले, "बरं, मग आता काय करायचं ते सांग. मी बसून राहनार न्हाई."

"काड्याची पेटी आना."

दत्तामामाने गेणबांना काडेपेटीतल्या काड्यांचे गुल काढायला बसवले. त्या बिनगुलाच्या काड्या फेविकॉलात बुडवून एकेक करून माझ्या बुडाच्या भोकात भरल्या, वरून हलकेच ठोकल्या, जास्तीच्या ब्लेडने कापल्या. मला गुदगुल्या होत होत्या! "आता उद्या सकाळपतूर हात लावू नका," मामा म्हणाला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. गेणबा संध्याकाळपर्यंत दहा वेळा येऊन विचारून गेले, "वाळलं का?"

सकाळी काड्या आणि लाकूड एकजीव झाले होते. मामाने मधोमध बारीक भोक पाडले. स्क्रूला अंगाचा साबण चोळला, म्हणजे लाकूड न फुटता तो सरळ आत जातो. मग सावकाश पिळत नेला. पहिला वेढा, दुसरा, तिसरा... आणि चौथ्या वेढ्याला स्क्रू करकरला! धरला, धरला! मोनिकाने टाळ्या पिटल्या. पट्ट्याच्या टोकांना कुलपे बसवली, मागून नट आवळले. टक्. टक्.

"बसला," गेणबा म्हणाले.

"आबा, आमच्या कंपनीत बसला म्हनत न्हाईत. वढून बघितला म्हनत्यात."

मग काय परीक्षा घेतली माझी! गेणबा आणि मोनिकाने घोंगडीची चार टोके धरून झोळी केली. दत्तामामाने पट्टा दोन्ही हातांत धरून मला त्या झोळीवर लोंबते सोडले. हिसका दिला. पुन्हा हिसका. मला गोल फिरवले. माझे प्राण कंठाशी आले होते. मग त्याने मला मोनिकाच्या गळ्यात घातले आणि म्हणाला, "उडी मार. आनखी उंच." ती उड्या मारत राहिली, खाली झोळी धरून गेणबा आणि मामा तिच्यामागे अंगणभर धावत राहिले, आणि गोठ्यातल्या शेळ्या माना वर करून हा तमाशा बघत राहिल्या. कुलपे हलली नाहीत.

दुपार कलली आणि जत्रा भरली. बिरोबाच्या नावानं चांगभलं! पहिली थाप पडली आणि माझ्या तारा कुणी हात लावण्याआधीच थरारल्या. अठरा ढोल एकदम बोलू लागले. त्यांच्या घुमण्यावर माझा आवाज असा उसळला, जसा पाटाच्या पाण्यावर मासा उसळतो. पोरे झाडांवर चढली. बाया ओट्यावर उभ्या राहिल्या. "गेणबाची नात हाय ती!" कुणीतरी ओरडले. रिंगण डावीकडे वळले, उजवीकडे वळले, ढोलकऱ्यांनी बसून थाप दिली, उठून गिरकी घेतली, आणि मोनिकाही गिरकी घेत होती, दोन्ही हात माझ्यावर, डोळे मिटलेले, मला धरून ठेवायची तिला गरजच उरली नव्हती! भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या. मी लाल होते ती पिवळी झाले. चाल वाढली. आणखी वाढली.

देवळासमोरच्या शिळेवर दुपारभर नारळ फुटत होते. त्या पाण्याने जमीन ओली झाली होती आणि त्यावर भंडारा पडून चिखल झाला होता. मोनिकाचा पाय नेमका तिथे पडला. ती घसरली. हवेत एक क्षण मला फक्त आभाळ दिसले, मग धप्प!

स्पीकरमधून माझ्या सगळ्या तारा एकदम किंचाळल्या. हौसरावांनी हात वर केला. अठरा ढोल थांबले. एवढ्या मोठ्या जत्रेत खेळण्यातल्या पिपाणीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मोनिका बसकण मारून पडली होती, मागे कोपरांवर रेललेली. मी तिच्या पोटावर आडवी होते, बूड एका बाजूला चिखलाकडे झुकलेले. ती हलली नाही. श्वाससुद्धा तिने धरून ठेवला होता. गेणबांनी ढोल तसाच गळ्यात ठेवून डोळे मिटून घेतले.

"टेकली! टेकली!" तो झांजवाला म्हणाला.

"तू गप," हौसराव म्हणाले. ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. माझ्या एका कडेने पाहिले. दुसऱ्या कडेने पाहिले. मग कमरेचा गुलाबी रुमाल काढला, त्याचे टोक माझ्या बुडाखालून आत सरकवले, आणि पलीकडून हात घालून सगळा रुमाल अलगद ओढून काढला. कुठे अडला नाही. मग मानेखालूनही तसाच फिरवला. पट्ट्याने मला मोनिकाच्या छातीशी असे आवळून धरले होते की माझ्या बुडाची कड आणि चिखल यांच्यात चार बोटे मोकळी जागा होती.

हौसराव उभे राहिले. रुमाल डोक्यावर फडकवला.

"पोरगी टेकली. वाद्य न्हाई टेकलं! पोरीसाठी आपला नियम न्हाई. ऊठ गं, वाजीव!"

मित्रांनो, त्यानंतर जो काही आवाज उठला तो ढोलांचा होता, माणसांचा होता की माझा, हे मला अजून सांगता येत नाही. मोनिकाच्या पाठीला चिखल, केसांत भंडारा, आणि तोंडभर हसू! गेणबा ढोल बडवत तिच्याभोवती गोल गोल फिरले, सत्तराव्या वर्षी! आणि तो झांजवाला? तो तर माझ्या अगदी शेजारी येऊन झांजा वाजवू लागला, जणू मला त्यानेच आणले होते.

म्हणून मोनिका आज मला पुसायला बसली तेव्हा तुम्हाला हे सांगावेसे वाटले. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. सतार असेल, शिवणयंत्र असेल, सायकल असेल. तिच्यावर माया जरूर करा, पण तिला काय चालते आणि काय चालत नाही, हे आधी जाणत्या माणसाला विचारा. तिचा कुठला स्क्रू सैल आहे ते बघा, झिजलेल्या भोकात चार काड्या भरा, तिला पडू न देणारा पट्टा बांधा. आणि मग, पडेल म्हणून घाबरून तिला घरात ठेवू नका. आम्हाला जपायचे ते कशासाठी? भर जत्रेत, भर चिखलात, तुमच्याबरोबर गिरकी घेता यावी म्हणून!